कमवा आणि शिका : विद्यार्थ्याच्या घामाचा हिशेब



शिकण्याची ओढ आहे, बुद्धीही आहे, पण गाठीला पैसा नाही, अशा मुलाने काय करावे? हा प्रश्न आपल्या किनाऱ्याला नवा नाही, आणि त्याची उत्तरेही जुनीच आहेत. ब्राह्मणांच्या मुलांसाठी माधुकरी होती आणि वार लावून जेवण्याची पद्धत होती. मशिदीत राहून इल्म शिकणाऱ्या तालिब-इल्माला मोहल्ल्यातील घरांतून जेवण येत असे. या दोन्ही प्रथांनी कित्येकांना विद्यावंत केले, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु अन्न देणारा कितीही मोठ्या मनाचा असला तरी घेणाऱ्या मुलाची मान थोडी खाली राहतेच. दुसऱ्याच्या ताटावर शिकलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही.

आपल्या कोकणाने आणखी एक उत्तर शोधले, ते म्हणजे मुंबई. मुलगा बोटीत बसून मुंबईस जाई, दिवसा गिरणीत, गोदीत किंवा दुकानात राबे आणि रात्री शाळेत बसे. रात्रशाळेची कल्पना महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी १८५५ साली पुण्यात अमलात आणली. पुढे मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत रात्रीचे वर्ग चालविले. मात्र येथे काम एका ठिकाणी आणि शिक्षण दुसऱ्या ठिकाणी, असा प्रकार होता. मालकाला मुलाच्या परीक्षेशी कर्तव्य नव्हते. जादा पाळी लागली की वर्ग बुडाला! डोळ्यांवर झापड आलेल्या त्या मुलांपैकी कितीजण शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

वजीफ्याचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा मार्गही होता, पण त्यालाही बहुधा एखादी दोरी बांधलेली असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांना करून द्यावा लागला होता. नोकरीवर ते रुजूही झाले. परंतु अस्पृश्य म्हणून बडोदे शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना आणि ती नोकरी सोडून यावे लागले. सयाजीराव महाराजांसारखा उदार राजा पाठीशी असताना ही कथा! उपकारातून आलेल्या पैशाचे स्वरूपच असे असते.

मग विद्यार्थ्याने शाळेतच काम करावे, शाळेने त्याचा मोबदला द्यावा आणि त्या मोबदल्यावर त्याने शिकावे, असे का होऊ नये? ही वाट कोणी पाडली, तीत कोणते धोके निघाले आणि ते टाळण्यासाठी कोणते नियम झाले, याचा थोडा इतिहास येथे मांडावयाचा आहे.

आपल्या समाजात या दिशेचे एक पाऊल अलिगढला पडले होते. सर सय्यद अहमद खान यांच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांनी १८९० च्या सुमारास साहेबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने 'अंजुमन-उल-फर्ज' ही संस्था काढली. 'फर्ज' म्हणजे कर्तव्य. गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी उभा करण्याकरिता ही मुले सुटीत गावोगाव हिंडत. खानदानी घराण्यांतील मुलांनी दुसऱ्यांच्या शिक्षणासाठी हात पसरावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तथापि येथे कष्ट करणारा एक आणि शिकणारा दुसरा होता.

दोघे एकाच अंगात आले ते साताऱ्यास. आपल्या मालवणहून फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठावे आणि पुढे उत्तरेकडे जावे, म्हणजे सातारा येतो. या वाटेवरील कोल्हापूरचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या राजधानीत जातीजातींची वसतिगृहे उभारली. मुसलमान मुलांसाठीही १९०६ साली त्यांनी शिक्षणसंस्था व वसतिगृह यांचा पाया घातला आणि त्या संस्थेचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले. याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा एक विद्यार्थी शिकत होता. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्याबद्दल त्याच्यावर त्याच्याच बोर्डिंगातून बाहेर पडण्याची पाळी आली. परीक्षांच्या दृष्टीने हा विद्यार्थी यशस्वी म्हणता येणार नाही. पण पुढे याच माणसाने जेवढी मुले परीक्षांना बसविली, तेवढी क्वचितच कोणी बसविली असतील.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळ्यांची चूल एक आणि पंगतही एक. कोल्हापूरची वसतिगृहे जातवार होती. साताऱ्याने ती भिंतही पाडली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी येथे भेट दिली आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले.

या बोर्डिंगात नोकरचाकर नव्हते. पाणी भरणे, सरपण फोडणे, दळण, स्वयंपाक, झाडलोट ही कामे मुलेच करीत. शेतात राबत, माती वाहत. भाऊरावांची विचारसरणी सरळ होती : घरून जो दाणे किंवा पैसा आणू शकतो त्याने तो आणावा, जो काहीच आणू शकत नाही त्याने अंगमेहनत आणावी. मेहनत हीच त्याची फी. मुले त्यांना 'अण्णा' म्हणत. संस्थेच्या कोठीत धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडावयास काढून दिले, ही हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती सांगताना डोळे पाणावतात, हे खरेच. पण माझ्या मते तिचा आणखी एक अर्थ आहे. मुलांच्या मेहनतीवर संस्था पूर्णपणे चालत नव्हती, चालणे शक्यही नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलाने सकाळी दोन-तीन तास कुदळ मारून त्याचे जेवण, कपडे, पुस्तके आणि शिक्षकाचा पगार, एवढे सगळे निघत नसते. मधली तूट कोणीतरी भरावीच लागते. साताऱ्यास ती प्रथम एका बाईच्या दागिन्यांनी भरली, मग खेडोपाडीच्या रयतेच्या मुठीमुठीच्या धान्याने.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. मोफत शिक्षण, राहण्याची सोय आणि त्याबद्दल अंगमेहनत, ही पद्धत त्यात माध्यमिक शाळेला लागू झाली. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू करून भाऊरावांनी तीच पद्धत महाविद्यालयापर्यंत नेली. कॉलेजचा विद्यार्थी म्हणजे इस्त्रीचे कपडे, असा समज असलेल्या काळात बी.ए.च्या वर्गातील मुले खडकाळ माळावर पहार घेऊन उतरत, दगड फोडत आणि दुपारी शेक्सपिअर शिकत. स्वतःच्या कॉलेजच्या बांधकामावर मुलांनी काम केले. 'कमवा आणि शिका' हे शब्द तेव्हापासून मराठीत रुजले. पुढे १९५५ साली शिक्षकांसाठी जे प्रशिक्षण महाविद्यालय साताऱ्यास निघाले, त्याला नाव दिले गेले मौलाना आझादांचे. आपल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

सरकारचा संबंध येथे कोठे येतो? येतो, आणि तो काहीसा कडू आहे. अनुदान हा संस्थेचा मोठा आधार होता. गांधीजींच्या हत्येनंतरच्या दिवसांत भाऊरावांनी सरकारी धोरणावर कडक टीका केली आणि मुंबई सरकारने १९४८ साली संस्थेचे अनुदान थांबविले. शेकडो शाळा, हजारो मुले, शिक्षकांचे पगार थकलेले. रयतेने वर्गणी करून संस्था तगविली. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले, असे सांगतात. सरकारी पैसा एखाद्याच्या मर्जीवर येत असेल तर तो मर्जीवरच जातो. तो कायद्याच्या कलमाने येत असेल तर बंद करताना निदान कलम तरी दाखवावे लागते. हा फरक पुढे अमेरिकेच्या कायद्याकडे पाहताना आठवावा लागेल.

त्याआधी वर्ध्याला जावयास हवे. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण आणि हातमागासारख्या एखाद्या उद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम, असा विचार गांधीजींनी मांडला. मुलांनी कातलेल्या सुताच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, अशीही त्यांची अपेक्षा होती. देश गरीब, सरकारी तिजोरी परक्यांची आणि शिक्षणाचा खर्च बराचसा दारूवरील करातून येणारा, या पार्श्वभूमीवर ती अपेक्षा समजण्यासारखी आहे.

परंतु त्याच परिषदेत एक माणूस उभा राहिला आणि गांधीजींच्या समक्ष त्याने इशारा दिला. दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन. उद्योगातून शिक्षण, हे त्यांना मनापासून मान्य होते, स्वतःच्या संस्थेत ते तसे प्रयोगही करीत होते. मात्र शाळेने स्वतःचा खर्च स्वतः काढावा यावर अवास्तव भर दिला, तर शिक्षक हा शिक्षक न राहता गरीब मुलांच्या मेहनतीवर जगणारा मुकादम होईल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तसे झाल्यास टकळी ही पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असाही त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनीही या अंगावर आक्षेप घेतला. आणि गंमत पाहा, अभ्यासक्रम आखण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष गांधीजींनी झाकिर हुसेन यांनाच केले! डिसेंबर १९३७ मध्ये समितीने अहवाल दिला आणि त्यातही हा इशारा नोंदलेला आहे : उत्पादनाच्या नादात शिक्षणाचा हेतू बुडता कामा नये. मुस्लिम लीगने पुढे या योजनेवर बरीच टीका केली, पण तिची कारणे वेगळी होती आणि तो विषयही वेगळा आहे.

झाकिर हुसेन पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले, हे शाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असते. वर्ध्याला त्यांनी गांधीजींसमोर गरीब मुलाच्या बाजूने शब्द उच्चारला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मला विचाराल तर त्यांच्या चरित्रातील हा प्रसंग राष्ट्रपतिपदाइतकाच मोलाचा आहे.

त्यांची शंका थोडक्यात अशी : मुलगा काम करतो, पण त्या कामाचा फायदा कोणाला? त्याला की संस्थेला? आणि हे ठरवणार कोण? भाऊरावांकडे याचे उत्तर त्यांच्या स्वतःच्या जीवनात होते. जो माणूस पत्नीचे मंगळसूत्र मुलांच्या अन्नात घालतो, तो मुलांच्या घामातून स्वतःचे घर भरणार नाही, हे लोक जाणत होते. पण प्रत्येक गावी भाऊराव कोठून आणावयाचे? जेथे तसा माणूस नाही तेथे नियम पाहिजे.

असे नियम सविस्तर लिहिले गेले ते अमेरिकेत. १९२९ च्या आर्थिक अरिष्टानंतर तेथे लक्षावधी तरुण शाळा-कॉलेजे सोडू लागले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये राष्ट्रीय युवक प्रशासन नावाचे खाते काढले. विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजात, ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा कचेरीत काही तास काम करावे आणि मजुरी सरकारने द्यावी, अशी योजना होती. टेक्सास प्रांतात या खात्याचा प्रमुख होता लिंडन जॉन्सन नावाचा एक तरुण. तो स्वतः कॉलेजात असताना झाडलोटीचे काम करून शिकला होता. हाच जॉन्सन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि २० ऑगस्ट १९६४ रोजी त्याने ज्या दारिद्र्यनिवारणाच्या कायद्यावर सही केली, त्यात कॉलेज विद्यार्थ्यांच्या कामाची ही योजना पक्की झाली. १९६५ पासून ती तेथील उच्च शिक्षणाच्या कायद्याचा भाग बनली.

या योजनेचे नियम वाचताना मला वारंवार वर्ध्याची आठवण होते. काम त्याच विद्यार्थ्याला मिळावे ज्याच्या घरची गरज कागदोपत्री सिद्ध झाली आहे. मूळ कायद्यात वर्ग चालू असताना आठवड्याला पंधरा तासांची मर्यादा घातलेली होती. मजुरी कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये, आणि ती निदान महिन्याला एकदा हाती पडली पाहिजे. विद्यार्थी स्वस्तात मिळतो म्हणून कायम नोकराला काढून त्याच्या जागी विद्यार्थी बसविता येत नाही. राजकीय पक्षाचे काम त्याच्याकडून करून घेता येत नाही, आणि प्रार्थनास्थळ म्हणून वापरल्या जाणाऱ्या इमारतीच्या बांधकामावर वा देखभालीवर त्याला लावता येत नाही. मजुरीचा सगळा बोजा सरकार उचलत नाही. सुरुवातीला केंद्राचा वाटा नव्वद टक्के होता, पुढे तो सर्वसाधारणपणे पंचाहत्तर टक्क्यांवर आला, आणि उरलेला भाग कॉलेजने किंवा काम देणाऱ्याने घालावयाचा. हा शेवटचा नियम फार शहाणपणाचा आहे. स्वतःच्या खिशातले चार पैसे जाणार असतील तर कॉलेज मुलाला उगाच बसवून ठेवणार नाही, काहीतरी उपयोगाचे काम देईल. उलट बहुतेक पैसा सरकारचा असल्यामुळे गरीब मुलाला काम देणे त्याला जडही जात नाही. लक्ष्मीबाईंनी जी तूट दागिन्यांनी भरली, ती येथे कायद्याने भरली.

योजनेत उणिवा नाहीत असे नाही. कॉलेजांना पैशाचे वाटप करताना जुन्या, श्रीमंत संस्थांच्या पदरात जास्त पडते, अशी तक्रार तेथे पुष्कळ वर्षे चालू आहे. गरीब विद्यार्थी ज्या लहान कॉलेजांत अधिक असतात, तेथे रक्कम कमी पोहोचते. पाणी उताराकडे वाहते, पैसा मात्र चढाकडे, हे तिकडेही खरे आहे म्हणावयाचे!

आपल्या देशात काय झाले? १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळेत कार्यानुभव असावा, अशी शिफारस केली. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना आली. तीत श्रम आहे, पण मजुरी नाही. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, आणि २०१६ च्या योजनेत त्यांच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकारने देण्याची तरतूद झाली. मात्र तो कारखान्यात कसब शिकणाऱ्याचा मार्ग झाला. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या अर्धवेळ कामाची मजुरी केंद्राने द्यावी, असा अमेरिकेसारखा कायदा आपल्याकडे झाला नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आपापल्या परीने योजना केल्या. पुणे विद्यापीठाने तर आपल्या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटील यांचेच नाव दिले. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा, बागकाम अशी कामे आणि तासाच्या हिशेबाने मानधन, असे तिचे स्वरूप आहे.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. मालवण किनाऱ्यावरचे मूल काम करीतच नाही असे कोण म्हणेल? एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्या भरावयास हात लागतात, काजूच्या बागेत लागतात, रापण ओढावयास लागतात आणि अलीकडे पर्यटकांच्या खानावळीत व होड्यांवर लागतात. हे काम वाईट नव्हे. परंतु कायदा काय म्हणतो हे पालकांनी जाणून घ्यावे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कोठेही कामावर ठेवता येत नाही. अपवाद आहे तो मुख्यतः स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्याचा, तोही शाळेची वेळ सोडून किंवा सुटीत, आणि ते काम धोक्याचे नसेल तरच. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर घेण्यास बंदी आहे. शाळा सुरू झाली तरी 'हंगाम संपेपर्यंत राहू दे' म्हणणारा बागायतदार किंवा खानावळवाला मुलाला कमवायला लावतो खरा, पण शिकवीत नाही. मग पहिली चाचणी बुडते, पुढे सहामाही, आणि दहावीच्या वर्गात तो मुलगा दिसतच नाही. हे आपल्या डोळ्यांदेखत घडते.

कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थी विकास विभागाकडे 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी करावी. तासाला मानधन किती, आठवड्याला किती तास, पैसे खात्यात कधी जमा होतात आणि परीक्षेच्या दिवसांत सुटी मिळते का, एवढे चार प्रश्न विचारावयास संकोच नको. मुलींनी यात मागे राहण्याचे कारण नाही. ग्रंथालयातले किंवा कार्यालयातले काम वर्गाच्या भिंतीपलीकडेच असते, घरी परतण्याची बस चुकत नाही.

आणि ज्यांची मुले अमेरिकेस जाण्याच्या तयारीत आहेत त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. वर वर्णन केलेली केंद्र सरकारच्या पैशाची योजना तेथील नागरिकांसाठी आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांसारख्या थोड्या जणांसाठी आहे. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलाला ती मिळत नाही. त्याला कॉलेजच्या आवारात दुसरे काम करता येते, पण वर्ग चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच. ही मर्यादा ओलांडली किंवा आवाराबाहेर परवानगीशिवाय काम धरले, तर व्हिसाच धोक्यात येतो. 'तिकडे गेल्यावर काम करून फी भरीन' असे मुलगा म्हणत असेल, तर कर्ज काढण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून वीस तासांचा हिशेब कागदावर मांडून पाहावा.